तुळईने कूस बदलली

लाकडातलं मला जेवढं कळतं, तेवढं या पंचक्रोशीत एकाही सुताराला कळत नाही. आमच्या घरातलं स्टूल मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. त्यावर आजवर अकरा जण बसले. दुसऱ्यांदा कुणीच बसलं नाही.

तेव्हा ही गोष्ट मीच सांगणार. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातली तिसरी मला इतकी आवडली की दोनदा केली. शिकलेल्या लोकांना या गोष्टीत चूक सापडली तर त्यांनी ती जपून ठेवावी, म्हातारपणी करमणुकीला होते.

तर फार पूर्वी, एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात घरं हसायची.

हसू नका. घरं हसायची म्हणजे काय, ते ऐका. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड लाकूड आडवं टाकलेलं असतं, त्याला तुळई म्हणतात. सगळं छप्पर तिच्या जिवावर. या गावातल्या तुळया मधोमध खाली झुकायच्या. दोन टोकं वर, पोट खाली, अगदी हसऱ्या तोंडासारख्या. नवं घर बांधलं की वर्षा-दोन वर्षांत तुळई झुकायला लागे आणि घरधनी गावभर गूळ वाटत सुटे, "आमचं घर हसायला लागलं हो!"

ज्याचं घर जास्त हसे त्याला घरात कमरेत वाकून चालावं लागे. परगावचा पाहुणा विचारी, "पाठ धरली का हो?"

"छे! घर फार आनंदी आहे आमचं."

असं का व्हायचं? तर त्या गावात लाकूड नेहमी निजवून ठेवायचे. फळी असो नाहीतर तुळई, रुंद अंग खाली, रुंद अंग वर, जेवायच्या पाटासारखी. पूर्वी कुणीतरी सांगून ठेवलं होतं की तोडलेलं झाड म्हणजे निजलेलं झाड. निजलेल्याला उभं करू नये. केलं तर ते उठून रानात परत जातं, आणि जाताना छप्पर घेऊन जातं. हे सांगणारा कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला उलट प्रश्न विचारायचीही सोय नव्हती.

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, मग त्यांचे खांब कसे उभे होते? दगडाचे होते. बसा खाली.

गावाला एक पाटील होता. मनाने लोण्यासारखा आणि वजनाने दोन माणसांएवढा. त्याला एक थोरली बहीण होती, तिला सगळे आक्का म्हणत. आक्का खिंडीपलीकडच्या गावात दिलेली. आता तिची सत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते, आणि खिंड चढून माहेरी येणं बंद झालं होतं.

त्या गावच्या देवळात घंटा नव्हती. एका वर्षी गावच्या सगळ्या लेकींनी ठरवलं की माहेरच्या देवाला घंटा द्यायची. जी जिथे नांदत होती तिथून तिने काशाचं एकेक भांडं पाठवलं. कुणी वाटी, कुणी तांब्या, कुणी फुटका पेला. आक्काने तिच्या लग्नातली काशाची थाळी पाठवली आणि भावाला निरोप दिला, "बाळ्या, माझ्याने आता येववत नाही. दर सोमवारी सकाळी घंटा वाजवत जा. मी ओट्यावर बसून ऐकेन. ऐकू आली की मी माहेरी येऊन गेले, असं समजेन."

पाटील साठीचा होता, पण आक्काच्या लेखी बाळ्याच. त्याने देवळात जाऊन शपथ घेतली, "आक्काला घंटा ऐकवीन."

ओताऱ्याने भांडी वितळवून घंटा ओतली. आठ मणांची! टोला मारला की पोटातलं पाणी हले. आता ती टांगायला तुळई हवी. गावच्या देवराईत एक साग वाऱ्याने पडला होता. देवराईतलं झाड तोडायचं नाही, पण आपण होऊन पडलं तर ते देवाच्या कामाला घ्यायचं, असा नेम. त्यातून गावच्या सुताराने एक तुळई काढली. बारा हात लांब, बारा बोटं रुंद, चार बोटं जाड. तेवढीच निघाली. बाकीचा साग वाळवीने आधीच जेवून टाकला होता.

देवळासमोर दोन दगडी खांब होते. त्यांच्या माथ्यावर सुताराने तुळई ठेवली. कशी? विचारायला नको. निजवून. पाटासारखी.

पहिल्या सोमवारी घंटा वाजवायला पाटलाला टाचा उचलाव्या लागल्या. देवळाच्या आवाराला पुरुषभर उंच भिंत होती, घंटा तिच्याही वर होती. आवाज भिंतीवरून सुटला तो थेट खिंडीतून पलीकडे गेला. दुपारी बाजारकऱ्याबरोबर आक्काचा निरोप आला, "ऐकू आली. आज माहेरी जाऊन आले. पेरू पिकलेत का रे परसातले?"

पाटलाला रडू आलं. तो म्हणाला, डोळ्यात धूळ गेली.

महिनाभरात तुळई झुकायला लागली. गावाने गूळ वाटला. देऊळ हसायला लागलं! दुसऱ्या महिन्यात घंटा वाजवायला टाचा उचलाव्या लागेनात. पुजारी खूश झाला, तो बुटका होता. पण घंटा भिंतीच्या आड उतरायला लागली होती, आणि आक्काचा निरोप आला, "आज घंटेवर घोंगडी टाकली होती का?"

सुताराने साखळीच्या दोन कड्या कमी करून घंटा वर घेतली. तुळई आणखी झुकली. आणखी दोन कड्या काढल्या. ती आणखी झुकली. शेवटी साखळीत एकच कडी उरली. मग कुणीतरी म्हणालं, मधोमध टेकू लावा. टेकू घेऊन चौघे गेले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले, कारण टेकूच्या जागी घंटा होती.

एका सोमवारी पाटील देवाला हात जोडून, डोळे मिटून चार पावलं पुढे गेला, आणि ठण्ण! घंटा कपाळाच्या उंचीवर आली होती. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. घंटेला काही झालं नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी आक्काचा निरोप आला तो एवढाच, "या सोमवारी माहेर बंद होतं का?"

पाटलाने जेवण टाकलं. पाटील जेवला नाही ही बातमी घंटेपेक्षा लांब गेली. त्याने सुताराला बोलावलं.

"दुसरी तुळई टाक. याच्या दुप्पट रुंद."

"लाकूड कुठाय, पाटील? देवराईत आणखी एक झाड पडायची वाट बघायची झाली, तर..." सुतार थांबला. आक्काचं वय दोघांनाही माहीत होतं.

सुताराच्या घरात नवी सून आली होती. दूरच्या गावची, तिथल्या सुताराची लेक. सासऱ्याच्या मागे भाकरीचं फडकं घेऊन ती उभी होती. ती म्हणाली, "मामंजी, लाकूड आहे की. आहे तेच फक्त वळवायचं. रुंद अंग खांबावर टेकलंय, त्याऐवजी अरुंद अंग टेकवा. आमच्याकडे तसंच टाकतात."

"म्हणजे उभी करायची?" सुताराने कानावर हात ठेवले. "सूनबाई, अगं चालत जाईल ती!"

"आमच्या गावातली अजून कुठे गेलेली नाही."

"तुमच्या गावातल्या लाकडांना कुठे जायची हौस नसेल."

पाटील म्हणाला, "पोरी, आणि फरक काय पडणार? लाकूड तेवढंच. वजन तेवढंच. मी उभा राहिलो काय नि आडवा झालो काय, काट्यावर तेवढाच भरतो."

"उद्या सकाळी आमच्या अंगणात या, पाटीलबाबा. धुतलेलं धोतर नेसून या."

हे शेवटचं तिने का सांगितलं, ते पाटलाने विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी निम्मा गाव सुताराच्या अंगणात. सुनेने दोन दगड लांब लांब ठेवले होते, त्यावर एक फळी निजवलेली, देवळातल्या तुळईची धाकटी बहीणच, जाडीच्या तिप्पट रुंद. आणि फळीखाली, बरोबर मधोमध, सारवणासाठी कालवलेल्या शेणकाल्याचं काठोकाठ भरलेलं घमेलं.

"हे खाली कशाला?" पाटलाने विचारलं.

"अंगण सारवायचंय. तुम्ही बसा."

पाटील बसला. फळी कुरकुरली आणि हसायला लागली. हसत हसत खाली गेली, आणि पाटलाचं पांढरं धोतर घमेल्याला टेकलं. गावाने तोंडं फिरवली. खांदे मात्र सगळ्यांचे हलत होते.

"अगं ए! गार लागलं!"

"उठा आता." सुनेने फळी वळवली, अरुंद अंगावर टेकवली, आणि ती कलंडू नये म्हणून दोन्ही टोकांना दोन्हीकडून पाचरी ठोकल्या. "आता बसा."

"अगं एवढुशा धारेवर?"

"आक्कांसाठी बसा."

पाटील बसला. चेहरा असा केला की जणू कारलं चावलंय, कारण धार टोचत होती. पण फळी? कुरकुरली नाही. सुताराने खाली वाकून पाहिलं. घमेल्यात आणि धोतरात चांगलं चार बोटं अंतर होतं.

"मामंजी, किती झुकली?"

सुतार डोळे बारीक करून म्हणाला, "झुकलीय, पण नखभर."

"मघाशी झुकली तेवढी आता झुकवायची, तर असे नऊ पाटील लागतील."

"नऊ!" सुतार दचकला. "गावाला एकाचंच ओझं होतंय."

पाटील म्हणाला, "मला आधी उतरवा, मग बोला." चौघांनी मिळून त्याला उतरवला. कंबर चोळत तो म्हणाला, "आता सांग, हे झालं कसं? लाकूड तर तेच."

सून म्हणाली, "लाकूड वाकतं तेव्हा त्याची पाठ आवळते आणि पोट ताणलं जातं. मधलं लाकूड ना आवळत, ना ताणत."

"मग करतं काय?"

"बसून असतं. पंचांसारखं."

पंच तिथेच बसले होते. त्यांनी घसे खाकरले.

"फळी निजवली की तिची पाठ आणि पोट अगदी जवळ येतात. दोघांना जोर लावायला जागाच नाही, मग ती लगेच वाकते. धारेवर टेकवली की पाठ वर लांब गेली, पोट खाली लांब गेलं. आता तिला वाकवायचं तर वरच्याला खूप आवळायला हवं, खालच्याला खूप ताणायला हवं, आणि ते दोघंही ऐकत नाहीत. माझे वडील सांगायचे, लाकूड रुंदीला दुप्पट घेतलं तर दुप्पट ताठ होतं, पण उंचीला दुप्पट घेतलं तर आठपट."

हे आठ नेमके कुठून आले, ते मला दोन वेळा तिसरी करूनही समजलेलं नाही. ज्याचा विश्वास नसेल त्याने फूटपट्टी घ्यावी, आडवी धरून वाकवावी, मग धारेवर धरून वाकवावी. फूटपट्टी शेजारच्याची घ्यावी.

गावाला फळी पटली, पण भीती गेली नाही. सगळ्यांत म्हातारा पंच उठला. "ते सगळं खरं, पोरी. पण निजलेल्याला उभं करायचं नाही, हा आमचा नेम आहे. उद्या ती तुळई घंटा घेऊन रानात गेली, तर गावच्या लेकींना तोंड कसं दाखवायचं?"

सगळे पाटलाकडे बघायला लागले. एका बाजूला सगळ्या गावाचा नेम. दुसऱ्या बाजूला खिंडीपलीकडे ओट्यावर बसलेली, कान लावून बसलेली म्हातारी. पाटलाने टेंगळावरून हात फिरवला.

सून हळूच म्हणाली, "मी उभी कुठे करते म्हटलं? उभी म्हणजे खांबासारखी. ती होती तशीच झोपलेली राहणार आहे. आजवर उताणी झोपली होती, आता कुशीवर झोपेल. झोपेत कूस बदलायला तुमच्या नेमात मनाई आहे का?"

पंच विचारात पडला. त्याने दुसऱ्या पंचाकडे पाहिलं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. अशी मनाई कुणाच्याच ऐकण्यात नव्हती.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पाटलीणबाई म्हणाल्या, "आमचे हे उताणे झोपले की घोरतात आणि बाजल्याची झोळी होते. मी रोज कोपराने ढोसून कुशीवर करते. अजून एकदाही उठून रानात गेले नाहीत."

गाव असं हसलं की सुताराच्या कोंबड्या कुंपणाबाहेर गेल्या. पाटीलही हसला, आणि हसता हसता त्याचं ठरलं.

"तुळईला कुशीवर करा," तो म्हणाला. "गेली रानात, तर शोधायला मी जाईन."

सुताराने खांबांच्या माथ्यावर अरुंद, खोल खाचा पाथरवटाकडून पाडून घेतल्या. वीस माणसांनी दोरखंड लावून घंटा उतरवली, तुळई वळवली आणि धारेवर खाचांत बसवली. दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या, कलंडायची सोय ठेवली नाही. साखळीच्या काढलेल्या कड्या परत जोडल्या, आणि आठ मणांची घंटा पुन्हा टांगली. सगळे श्वास धरून उभे. पुजारी तर डोळे झाकून उभा.

तुळई दोन बोटं झुकली, आणि तिथेच थांबली.

महिन्याने पाहिलं, जवळपास तिथेच. सहा महिन्यांनी पाहिलं, केसभर इकडेतिकडे. घंटा भिंतीच्या वर, पाटलाच्या टाचा वर, पुजारी तेवढा नाराज. त्याला एक दोरी बांधून दिली.

एक गंमत मात्र राहिली. तुळई आधीच वाकलेली होती, ती वळवल्यावर तिचा बाक खाली न राहता बाजूला गेला. खालून बघितलं तर अजून दिसतो. गावातली पोरं म्हणायची, पूर्वी ती तोंडभर हसायची, आता गालातल्या गालात हसते. गावाला ते फार आवडलं. हळूहळू एकेका घराची तुळई कुशीवर झाली, माणसं ताठ चालायला लागली. गूळ वाटायचं मात्र बंद झालं नाही, कारण गूळ वाटायला कारण लागतं हे त्या गावाला कधी पटलंच नाही. दोन-चार म्हाताऱ्यांनी आपली घरं तशीच ठेवली. म्हणाले, आता सरळ झालं की डोकं कशावर आपटायचं, चुकल्याचुकल्यासारखं होईल.

आता तात्पर्य. ते मी इथेच सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द माझा नाही, आक्काचा आहे, आणि तिच्यानंतर बोलायची माझी छाती नाही.

तात्पर्य: बळ कमी पडतंय असं वाटलं, तर आणखी लाकूड शोधत रानोमाळ हिंडण्याआधी, आहे ते लाकूड एकदा वळवून बघावं. आणि वळवायचा मार्ग घरातली नवी सून सांगत असेल, तर धोतर जुनं नेसून जावं.

तर तुळई वळवली, त्याच्या पुढच्या सोमवारी पाटलाने घंटा वाजवली, तीही नेहमीच्या दुप्पट वेळ. मग निरोपाची वाट न बघता परसातले पेरू टोपलीत भरून, धापा टाकत, स्वतःच खिंड चढून पलीकडे गेला. आक्का ओट्यावर बसली होती. डोळे ओले, तोंडावर हसू.

"आलास? मी आत्ताच माहेराहून आले," ती म्हणाली. "देवाला हात जोडले, परसात हिंडले. चांगली खणखणीत वाजली रे."

पाटलाची छाती फुगली. सुताराची सून, फळी, घमेलं, पंच, सगळं तो वाटेतच विसरला होता. तो म्हणाला, "बघ आक्का, शब्द दिला होता ना? शेवटी माझ्याच डोक्याने काम केलं."

आक्काने एक पेरू पुसून घेतला, वास घेतला. "मधे काही सोमवार ऐकूच येत नव्हती. पण एका सोमवारी एकच टोला आला बघ, एवढा मोठा, की ओट्यावरचं मांजर उठून बसलं. तो कसला होता?"

पाटलाचा हात आपसूक कपाळावर गेला. "तो... घंटा माझ्या डोक्याला लागली होती, आक्का."

"तरीच," आक्का म्हणाली. "मी तर थाळी पाठवली होती. एवढा मोठा रिकामा हंडा कुणी पाठवला, म्हणून मी तेव्हापासून विचार करतेय."